मैदानातून मसाज टेबलाकडे : फी भरण्याआधी हे विचारा

स्पर्धा थांबवून स्पोर्ट्स मसाजकडे वळणार असाल, तर आधी एक ठरवा : पाटीवर काय लिहायचं आहे? खर्च आणि वेळ, दोन्ही त्यावरच ठरतात.

फिजिओ की मसाज थेरपिस्ट?
'फिजिओथेरपिस्ट' लिहायचं तर बी.पी.टी. पदवी आणि परिषदेकडे नोंदणी हवी. त्यासाठी बारावीला जीवशास्त्र, मग नीट, मग चार वर्षं आणि वर इंटर्नशिप. खासगी महाविद्यालयाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा. वसतिगृह आणि मेस वेगळी धरा. मसाजचं सर्टिफिकेट काही महिन्यांत मिळतं, पण त्यावर 'फिजिओ' म्हणवता येत नाही. 'चालतं हो' म्हणणाऱ्या संस्थेत पैसे अडकवू नका.

फीचा खरा आकडा
जीएसटी नोंदणी असलेल्या खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ५०,००० सांगितले, तर खिशातून ५९,००० जातात. परीक्षा, सर्टिफिकेट, युनिफॉर्म, तेल, टॉवेल यांचे पैसे फीमध्ये धरलेत का, हे लेखी घ्या. मध्येच सोडलं तर परतावा किती, तेही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत प्रशिक्षण मोफत असतं. जिल्ह्यात स्पा थेरपीसारखा कोर्स सुरू आहे का, ते आधी शोधा.

'आंतरराष्ट्रीय' शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नका. न्यूयॉर्कमध्ये मसाजच्या परवान्यासाठी १,००० तासांचं शिक्षण लागतं. शनिवार-रविवारचा वर्ग तिथे उपयोगाचा नाही.

शिकवतात काय?
शिक्षकासमोर प्रत्यक्ष हाताने काम करण्याचे तास किती, ते विचारा. हात कधी लावायचा नाही, हे शिकवतात का? एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर आत रक्ताची गुठळी असू शकते. तिथे मालिश नाही, थेट डॉक्टर.

खेळाडूंवर काम करणार असाल तर मलमाची नळीही वाचा. टेनिसपटू यानिक सिनरच्या फिजिओने स्वतःचं बोट कापलं म्हणून त्यावर क्लोस्टेबोल हे प्रतिबंधित स्टेरॉइड असलेला स्प्रे मारला आणि हातमोज्यांशिवाय सिनरला मसाज केला. २०२४ मध्ये सिनरची उत्तेजक चाचणी पॉझिटिव्ह आली, २०२५ मध्ये तीन महिन्यांची बंदी आली. प्रतिबंधित पदार्थांची यादी दर १ जानेवारीला बदलते.

सुरुवात करताना
घडीचं टेबल साधारण १०,००० ते २०,००० रुपयांत येतं. विकत घेण्याआधी शेजारी उभे राहा, हात सैल सोडा. मूठ टेबलाला टेकली तर उंची बरोबर. उंची चुकली की वर्षभरात तुमचीच कंबर धरते.

महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटला नाही म्हणा. आधार, पॅन, भाडेकरार आणि जागामालकाची संमती जवळ ठेवा. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर एरवी जीएसटी नोंदणी लागत नाही. भांडवल कमी पडलं तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज आहे.

नोकरी हवी असेल तर खेळाची प्रमाणपत्रं जपून ठेवा. भारतीय क्रीडा प्राधिकरण मसाज थेरपिस्टची पदं भरतं. त्या जाहिरातीत कोणतं सर्टिफिकेट आणि किती अनुभव मागितलाय, ते वाचूनच कोर्स निवडा.

पहिला हप्ता देण्याआधी एक दिवस वर्गात बसू द्या म्हणा. नकार मिळाला, तर दुसरी संस्था बघा.