दमसासाचा अंदाज : घड्याळ आणि फीत पुरे

दीर्घ श्रमाच्या वेळी स्नायूंना प्राणवायू पुरविण्याची हृदय व फुप्फुसे यांची क्षमता म्हणजे दमसास. तो कमी असल्यास हृदयविकाराचा व अकाली मृत्यूचा धोका वाढतो. शरीराच्या दर किलो वजनामागे एका मिनिटात जास्तीत जास्त किती मिलिलिटर प्राणवायू वापरला जातो, यावरून दमसास ठरतो. त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या धावण्याच्या चाचणीस यंत्रे व तज्ज्ञ लागतात. ती गावोगावी शक्य नसते.

यावर अभ्यासकांनी समीकरणांचा मार्ग काढला. नॉर्वेतील प्रौढांच्या पाहणीवरून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या समीकरणास वय, कंबरेचा घेर, विश्रांतीतील नाडी व व्यायामाची सवय एवढीच माहिती पुरते. स्त्री-पुरुषांसाठी आकडे वेगळे आहेत. पुरुषांचा अंदाज वयाच्या दर वर्षामागे सुमारे ०.३०, तर कंबरेच्या दर सेंटिमीटरमागे सुमारे ०.३७ मिलिलिटरने उतरतो. म्हणजे कंबर दहा सेंटिमीटरने वाढल्यास अंदाजात बारा वर्षांच्या वयवाढीइतकी घट होते. वय कोणाच्या हाती नाही. कंबर बऱ्याच अंशी आहे.

नाडी सकाळी अंथरुणातच पूर्ण एक मिनिट मोजावी. रक्तदाबावरील काही औषधांनी नाडी मंदावते व अंदाज फसतो. शिवाय परदेशी समीकरणाचा आकडा भारतीयांनी काटेकोर मानू नये. दरवर्षी त्याच रीतीने मोजून फरक पाहावा. थोड्या श्रमाने धाप लागत असल्यास किंवा छातीत दुखत असल्यास मात्र आकडेमोडीत वेळ न दवडता तात्काळ डॉक्टरांकडे जावे.