काचेच्या कपाटाचं वय कसं ओळखायचं?

चिंचवड स्टेशन किंवा भोसरीच्या एखाद्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानात गेलात, तर काउंटरवर जरा नजर टाका. नशीब असेल तर एक छोटं, तिरप्या काचेचं लाकडी कपाट दिसेल. आत रंग उडालेल्या मखमलीवर ओळीने चाकू, कात्र्या, वस्तरे, नाहीतर ड्रिल आणि टॅप लावलेले. दुकानदार त्याला 'शोकेस' म्हणतो आणि मराठीत दुसरा शब्द शोधायच्या भानगडीत मीही पडत नाही (कॉन्व्हेंटवाल्यांना तेवढी सूट द्या!).

परदेशात अशा शोकेस जमवणारे लोक आहेत. अमेरिकेत रेमिंग्टन, केस, श्रेड अशा चाकू कंपन्या दुकानदारांना खास स्वतःच्या नावाची शोकेस देत. आपल्याकडे हा छंद नवा आहे, पण व्यापारी मात्र हुशार झालेत. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात कुठलंही काळपट लाकडी कपाट 'ब्रिटिश टाइमचं' असतं! आमच्या हॉस्टेलवरच्या एका मित्राच्या काकांनी असंच एक कपाट चांगली रक्कम मोजून घेतलं. घरी आणून मागची फळी काढली, तर आत सनमायका. आता ब्रिटिश साहेबाने सनमायका कुठून आणला?

वय काढायचं लॉजिक एका वाक्यात सांगता येतं. वस्तू तिच्या सगळ्यात नव्या मूळ भागापेक्षा जुनी असू शकत नाही. यातला 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा. काच फुटते, बिजागरी बदलते, मखमल नवी लावतात. म्हणून एका पुराव्यावर निकाल देऊ नका. चार-पाच पुरावे एकाच दिशेला गेले, तरच बोला.

सुरुवात अक्षरांपासून करा, कारण ती फुकट वाचता येतात. आपल्या पट्ट्यात पत्ता हा सगळ्यात चांगला साक्षीदार. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याआधी 'पिंपरी, पूना-१८' असं लिहायचे. पुढे त्याचंच ४११०१८ झालं, शेवटचे दोन आकडे तेच राहिले. म्हणजे शोकेसवर मूळ रंगात सहा आकडे दिसले, तर ती १९७२ च्या आधीची नाही. पण उलटं खरं नाही हं! 'पुणे-१८' लिहिणारे लोक पिनकोड आल्यावरही कितीतरी वर्षं तसंच लिहीत राहिले. इंग्रजीतलं 'पूना' जाऊन 'पुणे' १९७८ मध्ये झालं, तिथेही हाच नियम. नवी गोष्ट दिसली तर तारीख पक्की होते, जुनी दिसली तर फक्त शक्यता वाढते. आपण सगळे अजून 'टेल्को रोड'च म्हणतो ना? कंपनीचं नाव २००३ मध्येच टाटा मोटर्स झालं.

किमतीची चिठ्ठी चिकटलेली असेल तर फारच छान. आणे असतील तर साधारण १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असतील तर १ एप्रिल १९५७ ते १९६४ च्या मधलं, कारण १९६४ मध्ये 'नये' हा शब्द गेला. परवान्याच्या कागदावर 'पिंपरी-चिंचवड नगरपालिका' असेल तर १९७० ते १९८२, कारण १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. अर्थात चिठ्ठी कपाटावर नंतरही चिकटवता येते. ती कपाट केव्हा वापरात होतं ते सांगते, केव्हा बनलं ते नाही.

आता आपल्या ब्रँचचा विषय. खिशात थ्रेड गेज घेऊन जा. एम६ बोल्टचा पिच १ मिमी असतो. पाव इंची व्हिटवर्थला इंचाला २० आटे, म्हणजे पिच १.२७ मिमी. व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६०. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण कारखान्यांत बदल हळूहळू झाला आणि व्हिटवर्थ बोल्ट नंतरही दुकानांत मिळत राहिले. म्हणून मेट्रिक स्क्रू हा 'नंतरचं' असण्याचा चांगला पुरावा, व्हिटवर्थ हा 'आधीचं' असण्याचा कच्चा पुरावा. फुलीचा म्हणजे फिलिप्स स्क्रू अमेरिकेत १९३० च्या दशकात आला. पहिल्या महायुद्धाच्या काळातली म्हणून विकल्या जाणाऱ्या शोकेसच्या बिजागरीत फुलीचे स्क्रू असतील, तर एकतर बिजागरी बदललीय किंवा विकणारा तुम्हाला बदलतोय. कुठलं खरं, ते स्क्रूखालच्या भोकांवरून कळतं. जुनं भोक बुजवून शेजारी नवं पाडलं असेल, तर दुरुस्ती. एकच स्वच्छ भोक आणि लाकडावर एकाच बिजागरीचा ठसा असेल, तर पहिल्यापासून तोच स्क्रू.

काच मला सगळ्यात आवडते. डोळे काचेच्या जवळ नेऊन तिरप्या उजेडात बघा. जुन्या ओढलेल्या काचेतून ट्यूबलाइटची रेघ किंचित नागमोडी दिसते. वितळलेल्या कथलावर तरंगवून बनवलेली फ्लोट काच अगदी सपाट असते. ती पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टनने १९५९ मध्ये जाहीर केली, आणि भारतात अशी काच बनायला १९९० चं दशक उजाडलं. लॅबमध्ये शॉर्टवेव्ह यूव्ही दिवा असेल, तर फ्लोट काचेची कथलाकडची बाजू दुधट चमकते. (दिव्याकडे बघू नका, आणि सरांना विचारल्याशिवाय दिवा उचलू नका.) पण काच हीच सगळ्यात जास्त वेळा फुटते, म्हणून माझ्या मते तिची साक्ष शेवटी घ्यावी.

आतल्या चाकूंवरून कपाटाचं वय काढणं ही सगळ्यात मोठी फसगत. रिकाम्या कपाटात जुने चाकू लावणं पाच मिनिटांचं काम! तरी ते वाचता यायला हवेत. पात्यावर 'स्टेनलेस' असेल तर १९१३ च्या आधीचं नाही, कारण शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने ते पोलाद त्याच वर्षी केलं. अमेरिकेच्या केस कंपनीने (हे आडनाव आहे, कपाट नाही) १९७० पासून पात्यावर दहा ठिपके मारायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक कमी केला. सात ठिपके म्हणजे १९७३. रेमिंग्टनने चाकू १९२० ते १९४० एवढ्याच काळात बनवले. 'श्रेड वॉल्डन' हे नाव १९४६ ते १९७३ मधलं. मखमलीकडेही बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी पडलेल्या चाकूखाली रंग गडद राहतो. ठसा एका आकाराचा आणि चाकू दुसऱ्या आकाराचा असेल, तर समजून जा.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? दुकानांचं रिनोव्हेशन जोरात आहे, आणि जुनं फर्निचर शेवटी भंगारात जातं. आपल्या भागातला भंगाराचा मोठा अड्डा म्हणजे कुदळवाडी. तिथली हजारो बांधकामं महापालिकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली. ती बेकायदा होती की नव्हती हा वाद इथे नको. पण त्या गोदामांत पडलेल्या वस्तूंचं काय झालं, याची नोंद कोण ठेवणार? १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचं संरक्षण साधारण शंभर वर्षं जुन्या वस्तूंना. एमआयडीसीच आली १९६२ मध्ये, म्हणजे आपल्या पट्ट्यातल्या बहुतेक शोकेस त्यात बसत नाहीत. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते बघताना मला हेच वाटत होतं, की कुणीतरी वेळेवर गोळा केले म्हणून ते आहेत.

तेव्हा सुट्टीत गावाकडच्या किंवा इथल्या दुकानात अशी शोकेस दिसली, तर विकत घेऊ नका, आधी मालकाला विचारा. 'काका, ही कुणाच्या काळातली?' एवढंच पुरतं, पुढे चहा येतो. समोरून, मागून, तळाचा आणि बिजागरीचा फोटो काढा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. चिठ्ठ्या खरवडू नका, पॉलिश तर अजिबात नको. आणि आत पिवळट, पारदर्शक मुठीचे जुने चाकू असतील, तर ते वेगळे ठेवायला सांगा. मूठ सेल्युलॉइडची असू शकते. ती कुजताना आम्ल वाफ सोडते आणि बंद काचेत शेजारच्या सगळ्या पात्यांना गंज चढवते.