आजी विसरू लागल्या तर : इलाज, कागद आणि सांभाळ



नांदेडच्या एका वस्तीत बहात्तर वर्षांच्या एक आजी आहेत. नाव लिहीत नाही. दिवसभर ठीक असतात. दिवेलागणीला मात्र दारात येऊन उभ्या राहतात आणि सुनेला म्हणतात, "पोरं आत घे, कडी लाव, ते आले." कोण आले, हे घरात कुणालाच कळेना. शेजारणीने सांगितले, करणी आहे. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या घरातून आजींना देवऋष्याकडे नेले. अंगारा मिळाला, दोन हजार रुपये गेले.

मी गेले तेव्हा जवळ बसून एवढेच विचारले, "आजी, तुमचं गाव कोणतं?" मग सगळे बाहेर आले. 1978 चा ऑगस्ट. नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटवल्या गेल्या. याच जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारले. आजी तेव्हा पंचविशीत होत्या, कडेवर लेकरू होते. आज सकाळी काय खाल्ले ते त्यांना आठवत नाही, पण ती रात्र आठवते.

ही करणी नाही, आजार आहे. स्मृतिभ्रंश, म्हणजे डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात तो. अल्झायमर हा त्याचा सर्वात जास्त आढळणारा प्रकार. त्यात नवी आठवण साठत नाही, जुनी बराच काळ टिकते. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रमाण खेड्यात जास्त, बायकांत जास्त. शिक्षण न मिळणे हाही याचा एक धोका मानला जातो. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला शाळेची पायरी न चढलेली माझी आई आठवली.

"साठी बुद्धी नाठी" म्हणून सोडून देऊ नका. विसरण्याची काही कारणे बरी होणारी असतात : थायरॉइड कमी असणे, बी-12 ची कमतरता, मनाची उदासी, पडल्यानंतर मेंदूवर हळूहळू साचलेले रक्त. ऐकू कमी येत असेल तरी माणूस भ्रमिष्ट वाटतो. आणि चांगले असलेले माणूस दोन दिवसांत अचानक बरळायला लागले, तर लघवीचा संसर्ग, ताप, शरीरातले मीठ कमी होणे असे काहीतरी असते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे मानसोपचार विभागात दाखवा. जाणे जमत नसेल तर 14416 या मोफत टेलि-मानस क्रमांकावर आधी बोला.

एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा : आजी शाळेत गेलेल्या नाहीत. विसरण्याच्या काही चाचण्यांत वाक्य लिहा, आकृती काढा, शंभरातून सात वजा करा असे असते. निरक्षर माणूस आजारी नसतानाही त्यात नापास होतो. त्यापेक्षा घरचे सांगा. चहा करताना साखर दोनदा पडते का, बाजारात सुटे पैसे मोजताना चुकतात का, नेहमीच्या गल्लीत वाट चुकतात का, आणि हे किती महिन्यांपासून.

गोळ्या आहेत, त्या आजार बरा करत नाहीत. काहींना काही काळ जरा बरे ठेवतात. पण मेडिकलवरून झोपेची गोळी आणून रोज देणे बंद करा. म्हातारे माणूस त्या गुंगीत पडते, खुबा मोडतो आणि पुन्हा उठत नाही. मी वॉर्डात असताना एका बाबांचे हात पट्टीने पलंगाला बांधले होते. रात्री आम्ही दोघी आणि पेशंट चाळीस. सकाळी त्यांच्या मनगटावरचे वळ पाहिले. पेशंट कितीही असोत, ते बरोबर नव्हते.

आता कागद. यात उशीर झाला की घर बुडते. गावाकडच्या दोन एकरांवर विसरभोळ्या म्हाताऱ्याचा अंगठा घेऊन गेलेले पाहुणे तुम्हीही पाहिले असतील. समज नसताना केलेला करार कायद्याने रद्दबातल असतो, पण ते कोर्टात सिद्ध करता करता वर्षे जातात. पुष्कळांना वाटते, मुखत्यारपत्र करून ठेवले की झाले. तसे नाही. देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे मुखत्यारपत्रही संपते. पुढे पालक नेमून घ्यायला थेट उच्च न्यायालयात जावे लागते. आपल्यासाठी ते छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ.

म्हणून समज आहे तोवर काय करता येते ते पाहा. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. पण केलेली बरी, आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांचा "समज शाबूत आहे" असा दाखला घ्या. घर किंवा जमीन जिवंतपणीच मुलाच्या नावे करायची असेल, तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहा. अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे, उद्या आपल्या उपचाराचा निर्णय घेताना कोणी सोबत असावे, ते नाव आजी आजच साध्या कागदावर अंगठा लावून देऊ शकतात. ती सूनही असू शकते. मुलगाच हवा असे कुठे लिहिलेले नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. 1990 पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचे हक्क आहेत. दोन्ही जिल्ह्यांच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन 15100. श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसीलला केला नसेल तर करा. आजी बँकेत गोंधळत असतील तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे देता येतात, त्यातला एक बँकेचाच अधिकारी असावा लागतो. हे मॅनेजरला नियम म्हणून सांगा, विनंती म्हणून नको.

राहिला सांभाळ. तो शेवटी सुनेवर येतो, हे आपण सगळ्याजणी जाणतो. या घरातला मुलगा पुण्याला कामाला. सून चार घरची धुणीभांडी करायची, आता दोन घरे सुटली. रविवारी वंदनेला जमणाऱ्या बायकांनी आजींचे दिवस वाटून घेतले आहेत, रोज एकजण दोन तास बसते. मला विचाराल तर गोळीपेक्षा याचा उपयोग जास्त झाला. हरवू नयेत म्हणून चोळीच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवला आहे. मिश्री सुटत नाही, त्यावर अजून भांडण चालू आहे.

आणि संध्याकाळचे असे ठरले आहे : अंधार पडायच्या आधी दिवे लावायचे. "इथं कोणी नाही, उगी काय बोलता" असे म्हणायचे नाही. सून उठते, आजींच्या समोर कडी लावते, त्यांच्याजवळ बसते. आजी विचारतात, "गेले का?"

"गेले, आई. पोरं आत आहेत."

मग त्या जेवतात.