भूकंप, तेलवाहिन्या आणि आपले पाणी

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर येथे झालेल्या भूकंपाची आठवण वडीलधाऱ्या मंडळींस असेल. त्याचे धक्के गोमंतकापर्यंत जाणवले. २००२ च्या भारतीय मानकात कोयना चौथ्या, तर गोमंतक तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या, विभागात आहे. २०१३ साली दाभोळ-बंगळूर वायुवाहिनी सुरू झाली व तिची शाखा गोव्यातही आली. वाहिनीतून वायू सुटला तर आगीचे भय; तेल सांडले तर त्याखेरीज पाण्याचेही. म्हणून हा विषय आपल्या घरचाच समजावा.

उत्तम सांधलेली पोलादी नळी केवळ हादऱ्याने बहुधा फुटत नाही. जमीन जागा सोडते तेव्हा तिला खरे भय असते. भ्रंशरेषेवर भूमी सरकते, डोंगर कोसळतो, किंवा नदीकाठची ओली वाळू पातळ होते. आपल्या धंद्यातील दाखला घ्यावयाचा तर, माप हलविले की दाणे दबून बसतात. ओल्या वाळूचे कणही तसेच दबू पाहतात. परंतु मधल्या पाण्यास तत्काळ वाट मिळत नाही, आणि घट्ट भूमी चिखलासारखी वाहू लागते. मग नळी वाकते, वर येते अथवा तुटते.

५ मार्च १९८७ रोजी इक्वेडोर देशात भूकंपाने पावसात भिजलेले डोंगर कोसळले. तेलवाहिनीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला व देशाची तेलनिर्यात कित्येक महिने खोळंबली. उलट ३ नोव्हेंबर २००२ रोजी अलास्कात ७.९ प्रतीचा भूकंप होऊन वाहिनीखालील जमीन सुमारे १४ फूट सरकली. काही आधार मोडले, तरी तेल सांडले नाही. कारण भ्रंशरेषेवर ती वाहिनी लांब तुळयांवर सरकेल अशी मोकळी ठेवण्याची दूरदृष्टी बांधणाऱ्यांनी १९७० च्या दशकातच दाखविली होती.

सह्याद्रीचे उतारही पावसाळ्यात भिजलेलेच असतात. जमिनीत मुरलेले तेल विहिरीच्या झऱ्यास लागले की ते पाणी वर्षानुवर्षे निरुपयोगी होऊ शकते. पाण्याच्या थेंबातही असंख्य जीव मानणाऱ्या आपल्या धर्मास ही हिंसाच होय.

तेव्हा वाहिनीची वा टाकीची योजना गावाजवळ येईल तेव्हा सभासदांनी विचारावे: मार्ग कोसळत्या उतारावरून वा नदीकाठच्या भुसभुशीत भूमीतून जातो काय? प्रवाह बंद करणाऱ्या झडपा कोठे आहेत? गळती झाल्यास वर्दी कोणास द्यावयाची? आणि आपल्या वखारीतील जनित्राचे डिझेल विहिरीपासून दूर, घट्ट बसविलेल्या पिंपात, भोवती बांध घालून ठेवावे. वाळवंटीच्या काठी राहणाऱ्या आपणांस एवढी दक्षता सहज साधेल.