गाय देण्याआधी



दरवर्षी नाताळाच्या सुमारास दोन-तीन कुटुंबांकडून तीच विचारणा येते : “आईच्या स्मरणार्थ एखाद्या आदिवासी घराला गाय द्यायची आहे. किती खर्च येईल?” गायीची किंमत कोणीही सांगेल. ती गाय पुढे दहा-बारा वर्षे निरोगी ठेवायला काय लागते, ते या वेळच्या पाठात पाहू.

आमचे काम खेड तालुक्यात चालते. तालुक्याच्या एका टोकाला चाकण : कारखाने, गोदामे, कामगारांच्या चाळी. दुसऱ्या टोकाला भामा आसखेड धरणाच्या वर भीमाशंकरकडे चढत जाणारा डोंगर, आणि त्यात ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या वाड्या. चाकण वाढले तशी दुधाची मागणी वाढली. त्यामुळे वाडीत गाय गेली की घरात पैसा येईल, असे शहरातल्या माणसाला वाटणे साहजिक आहे. पण गाय आधी पाणी मागते. दूध देणारी संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला ६० ते ८० लिटर पाणी पिते. एका वाडीत मी हे सांगितले, तेव्हा एका बाईने लगेच विचारले, “ताई, म्हणजे हंडे किती?” पाच ते सहा. मे महिन्यात ते हंडे तिच्याच डोक्यावरून येणार होते.

पाण्यानंतर चारा. होल्स्टिन संकरित गायीला रोज २० ते २५ किलो हिरवी वैरण, पाच-सहा किलो सुकी वैरण आणि दुधाच्या प्रमाणात पेंड लागते. डोंगरातल्या वाडीत पावसाळ्यानंतर दोन-तीन महिने गवत असते, मग भाताचा पेंढा. पेंढ्यावर होल्स्टिन गाय जगेल, दूध देणार नाही, आणि पुन्हा वेळेवर माजावरही येणार नाही. शेजारच्या अकोले-इगतपुरी भागातली डांगी गाय त्या मानाने फारच कमी दूध देते. पण तिच्या तेलकट कातडीवर मुसळधार पाऊस टिकत नाही, काळे टणक खूर दगडात झिजत नाहीत, आणि तिचा गोऱ्हा नांगराला चालतो. संकरित गोऱ्ह्याला नांगराला कोणी जुंपत नाही. माझे मत विचाराल तर घाटमाथ्यावर डांगी, आणि संकरित गाय फक्त जिथे नळाचे पाणी व बागायती चारा आहे तिथे.

आता बाजार. चाकणचा गुरांचा बाजार शनिवारी भरतो. दूरदूरची जनावरे एका दिवसासाठी एका मैदानात येतात आणि संध्याकाळी वेगवेगळ्या गावांना जातात. रोगाला याहून सोयीची जागा नाही. २०२२ साली लम्पी त्वचारोग राज्यभर पसरला, तेव्हा सप्टेंबरमध्ये सरकारने जनावरांचे बाजार बंद केले, ते याच कारणाने. लम्पी हा देवीच्या कुळातला विषाणू. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड तो नेतात. ताप येतो, अंगभर गाठी उठतात, पायांवर सूज येते, दूध आटते. माणसाला हा रोग होत नाही, आणि उकळलेले दूध प्यायला हरकत नाही. तरीही त्या काळात अफवांमुळे कित्येक घरांचे दूध परत आले. मेलेल्या दुभत्या गायीमागे सरकारने ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत ठरवली होती. बैलजोडीतला एक बैल गेला की दुसराही पेरणीला निरुपयोगी होतो, हे त्या हिशेबात नव्हते.

विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणे दिसायला चार आठवडेही लागू शकतात. म्हणून बाजारातून आणलेले जनावर निदान तीन आठवडे, जमल्यास चार, वेगळे बांधावे, त्याची बादली वेगळी ठेवावी, आणि त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जावे. सांगायला सोपे. वाडीत मात्र सगळ्यांची गुरे एकाच गुराख्यामागे चरायला जातात. एक गाय घरी बांधायची म्हणजे महिनाभर कोणीतरी रोज गवताचे भारे कापून आणायचे, आणि तेवढे दिवस मजुरी बुडवायची. देणगीच्या हिशेबात हा एक महिन्याचा चारा धरलेला मी अजून पाहिलेला नाही. पुढच्या वेळी तो धरा.

जनावराच्या कानातला १२ अंकी पिवळा बिल्लाही पाहून घ्या. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला परवानगी नाही. आमच्या भागात बिबट्या आहे, आणि त्याने जनावर मारले तर भरपाईच्या वेळीही बिल्ला विचारतात.

लसींचे वेळापत्रक पाठ करण्यासारखे आहे. लाळ्या-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी, सरकारी मोहिमेत मोफत. घटसर्प आणि फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वी. ती आपल्याच जिल्ह्यात, औंधच्या सरकारी संस्थेत तयार होते. घटसर्पात तीव्र ताप येतो, गळा सुजतो, श्वासाची घरघर सुरू होते, आणि जनावर एक-दोन दिवसांतही जाते. डॉक्टर वाडीत पोहोचेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, म्हणून तिथे लसच खरा इलाज. फऱ्या तरुण, धडधाकट वासरांना होतो. मांडीवरची सूज दाबली की चरचर आवाज येतो. संसर्गजन्य गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची लस कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच देतात. हा रोग माणसालाही लागतो. गाय गाभडली असेल तर वार उघड्या हातांनी काढू नये, ती खोल पुरावी. आमच्या वाड्यांत हे काम बायकाच करतात, म्हणून रबरी हातमोजे आम्ही औषधांच्या पेटीतच ठेवतो.

चाकणकडच्या गुरांची दुखणी निराळी. उपाहारगृहांचा उरलेला भात-चपात्या फुकट मिळतात. एकदम भरपूर खाल्ले की पोटात आम्ल होते, गाय रवंथ थांबवते आणि बसून राहते. गॅरेज आणि भंगाराच्या दुकानांमागे चरणाऱ्या गुरांच्या पोटात तारा, खिळे जातात. गाय तार वेगळी काढत नाही, गवताबरोबर गिळते. ती तार दुसऱ्या पोटातून पुढे सरकली तर थेट हृदयाला टोचते. गाय उतारावरून खाली जायला कचरते, कोपरे बाहेर काढून उभी राहते, हलली की कण्हते. अशी गाय दिसली तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा. घरचा काढा पाजत बसू नये.

वासराबद्दल एकच गोष्ट. वार पडेपर्यंत वासराला चीक पाजायचा नाही, असा समज बऱ्याच घरांत आहे. जन्मलेल्या वासराच्या अंगात रोगाशी लढणारे काहीच नसते, ते चिकातूनच येते, आणि पहिल्या काही तासांनंतर आतडी ते शोषून घेत नाहीत. पहिल्या तासाभरात चीक, आणि दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. खरवसाची आवड मलाही आहे, पण आधी वासराचे पोट भरू द्या.

राहिले म्हातारपण. २०१५ पासून राज्यात गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. कायद्याची चर्चा इथे नको. पण आटलेली गाय विकली जात नाही, आणि ती मरेपर्यंत रोज खाते, हे घेणाऱ्याला ठाऊक असते. अनेक जण “शेळी द्या” म्हणतात, ते यासाठी. त्याला नाकारणे समजू नये.

तेव्हा ज्यांना गायच द्यायची आहे, त्यांनी गायीबरोबर गोठ्याला दगडी फरशी, पाण्याची टाकी आणि पहिल्या महिन्याचा चारा द्यावा. लस फुकट असते, पण त्या दिवशी गुरे दाव्याला धरून ठेवायला माणसे कमी पडतात. पावसाळ्याआधीची लस मे अखेरीस टोचतात. यायचे असेल त्यांनी सकाळी लवकर यावे, आणि जुने बूट घालून.