खरी भूक

रामटेक येथे १९९७ साली कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय स्थापन झाले. त्याच्या स्थापनेत डॉ. श्रीकांत जिचकार यांचा मोठा वाटा होता. वैद्यकशास्त्र शिकलेल्या या विद्वानाने स्थूलपणा घटविण्याचा एक साधा उपाय लोकांना सांगितला : कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखाव्या आणि तेव्हाच जेवावे. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी हा विचार महाराष्ट्रभर पोहोचविला.

आपण काही खाल्ले की रक्तात इन्सुलिन नावाचे संप्रेरक वाढते. ते वाढलेले असताना शरीरातील साठलेली चरबी फारशी वापरली जात नाही. दोन जेवणांत पुरेसे अंतर राहिले, तर ती खर्ची पडू लागते.

जिभेची भूक निराळी, पोटाची निराळी. शेव-चिवडा पाहताच जागी होते ती जिभेची; थोडा धीर धरला की ती ओसरते. पोटाच्या भुकेला कोरडी भाकरीही गोड लागते. पोट भरल्याची जाणीव होण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात. म्हणून प्रत्येक घास सावकाश चावावा.

मात्र दोनच वेळा जेवण्याचा नियम प्रौढांसाठी आहे, आणि तोही वैद्याच्या सल्ल्याने पाळावा. वाढत्या वयाच्या मुलांनी उपाशी राहू नये. त्यांनी एवढेच करावे : घास उचलण्यापूर्वी स्वतःस विचारावे, “ही भूक कोणाची?”