पेन्सिल खाली येते तिथे

कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला रसायनशास्त्र शिकवताना आवर्तसारणीचा धडा मी दरवर्षी घेतला. वायुरूपातल्या सुट्या अणूतून सर्वांत सैल इलेक्ट्रॉन बाहेर काढायला जी ऊर्जा लागते, ती आयनीभवन ऊर्जा. ही एक गोष्ट शिकवताना मलाच जे उमगत गेलं, ते लिहितो.

१. फळ्यावर आधी बाण काढू नयेत. सुरुवातीची काही वर्षं मी काढायचो: डावीकडून उजवीकडे वाढते, वरून खाली घटते. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि ‘नायट्रोजन की ऑक्सिजन, कोणाची जास्त?’ असं विचारलं की न थांबता ऑक्सिजन लिहायची. चूक त्यांची नव्हती, बाण मीच दिले होते.

२. आकडे द्यावेत, आलेख मुलांना काढू द्यावा. दुसऱ्या आवर्ताचे आकडे, किलोज्यूल प्रति मोलमध्ये: लिथियम ५२०, बेरिलियम ८९९, बोरॉन ८०१, कार्बन १०८६, नायट्रोजन १४०२, ऑक्सिजन १३१४, फ्लुओरीन १६८१, निऑन २०८१. बिंदू जोडताना पेन्सिल दोनदा खाली येते. आपलंच चुकलं असं वाटून मुलं खोडरबर शोधतात. तिथेच त्यांचा हात थांबवावा.

केंद्रकातले प्रोटॉन वाढले की ओढ वाढते, म्हणून आलेख चढतो. पण बेरिलियमचा इलेक्ट्रॉन २एसमधून काढायचा असतो, बोरॉनचा २पीमधून. २पीतला केंद्रकाजवळ तितका शिरत नाही, शिवाय आतल्या इलेक्ट्रॉनांचा पडदा त्याच्या आड येतो. तो सहज सुटतो. नायट्रोजनचे तीन २पी इलेक्ट्रॉन तीन वेगवेगळ्या ऑर्बिटलमध्ये असतात. ऑक्सिजनचा चौथा जोडीने बसतो, दोघं एकमेकांना ढकलतात, आणि एक काढणं सोपं होतं. एवढं समजलं की फॉस्फरस १०१२ आणि गंधक १००० हे आकडे मुलं स्वतःच समजावून सांगतात. वर्षभरात मला यापेक्षा आनंदाचा तास आठवत नाही.

३. ‘सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचा असतो’ असं कधीही म्हणू नये. त्याच्याकडून तो काढायलाही ४९६ मोजावे लागतात. तो घेताना क्लोरीन सुमारे ३४९ परत देतो, म्हणजे हिशेब अजून तोट्यातच. हा तोटा भरून निघतो तो मिठाचा स्फटिक बांधला जाताना.

४. दुसरा इलेक्ट्रॉन विसरू नये. सोडियमचा पहिला ४९६, दुसरा ४५६२. मॅग्नेशियमचे ७३८, १४५१ आणि तिसरा एकदम ७७३३. संयुजा पाठ करायची गरजच उरत नाही. कवच कुठे संपलं ते ही उडी सांगते.

५. गणात खाली जातानाही सरसकट विधान टाळावं. ॲल्युमिनियम ५७८, त्याखालचं गॅलियम ५७९. मध्ये आलेले दहा ३डी इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ नीट झाकत नाहीत.

६. नील बार्टलेटची हकिकत शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवावी. १९६२ साल, कॅनडातलं व्हँकुव्हर. प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड ऑक्सिजनच्या रेणूमधूनही इलेक्ट्रॉन ओढून घेतं, हे त्यांना दिसलं होतं. ऑक्सिजनच्या रेणूची आयनीभवन ऊर्जा सुमारे ११७५. तक्त्यात झेनॉनसमोरचा आकडा जवळजवळ तोच, ११७०. पुस्तकं झेनॉनला निष्क्रिय म्हणत होती, बार्टलेटनी आकड्यावर विश्वास ठेवला. त्या संयुगाची लाल वाफ आणि झेनॉन त्यांनी एकत्र येऊ दिले, आणि काचेच्या उपकरणात पिवळसर घन पदार्थ जमला.